हनोई ते अंकोर : एका प्रवासाची आखणी

व्हिएतनाम आणि कंबोडिया हे सख्खे शेजारी. दोघांमधली जमिनीवरची सीमा हजार किलोमीटरांहून अधिक लांब आहे. तरीही एकाच्या राजधानीत कन्फ्यूशियसचे मंदिर आहे, तर दुसऱ्याच्या राष्ट्रध्वजावर मुळात विष्णूसाठी बांधलेले देवालय. एक देश शतकानुशतके चीनकडे पाहत घडला, दुसऱ्याने संस्कृतात शिलालेख कोरले. हे दोन्ही देश एकाच प्रवासात, शक्यतो जमिनीवरूनच, पाहावयाचे असतील तर त्याची आखणी कशी करावी, हा या लेखाचा विषय आहे.

आम्ही चौघे मित्र गेले वर्षभर या आखणीत गुंतलो आहोत. शिकवण्या घेऊन, सुट्टीत कामे करून पैसे साठवतो आहोत. "एवढे पैसे घालवून परदेशातली देवळे पाहायची, तर आधी हंपी पाहा," असे माझे वडील म्हणतात. त्यांचे म्हणणे खोडून काढण्याजोगे नाही. म्हणूनच या प्रवासातून हंपीत न मिळणारे काय मिळेल, याचे उत्तर मला आधी स्वतःलाच द्यावे लागले.

पहिला प्रश्न ऋतूचा. आपल्याला मोकळी असते ती दिवाळीची सुट्टी. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मध्य व्हिएतनामात ऐन पावसाळा असतो आणि ह्वे, होई आन या शहरांत पूर येतात. एप्रिल-मे महिन्यांत कंबोडियातील उन्हाळा आपल्या विदर्भाची आठवण करून देईल असा. दोन्ही देशांना सोयीचा काळ म्हणजे फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्च. मात्र जानेवारी-फेब्रुवारीत चांद्रवर्षाप्रमाणे येणारा 'तेत' हा व्हिएतनामी नववर्षाचा सण टाळावा. त्या दिवसांत सारा देश आपापल्या गावी निघतो व रेल्वेत जागा मिळत नाही. परीक्षांमुळे आम्हांला मार्च अशक्य आहे. म्हणून पदवीचा शेवटचा पेपर दिल्यावर, उन्हाची तयारी ठेवून निघायचे, असे ठरले.

दुसरा प्रश्न दिशेचा. आम्ही उत्तरेकडून दक्षिणेकडे व मग पश्चिमेकडे जाणार आहोत. हनोईत उतरायचे आणि सिएम रीपहून परतायचे. त्यामुळे एकच वाट दोनदा तुडवावी लागत नाही आणि व्हिएतनामचा एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पुरतो. आपल्याला व्हिएतनामचा ई-व्हिसा घरबसल्या काढता येतो. अर्जात प्रवेशाचे व निर्गमनाचे नाके लिहावे लागते. तेथे 'मॉक बाय' हे सीमेवरील नाके अचूक लिहिले पाहिजे. कंबोडियाचा पर्यटक व्हिसा पलीकडच्या 'बावेत' नाक्यावरही मिळतो. कंबोडियातून पुढे थायलंडमध्ये जमिनीवरून जाण्याचा मोह अनेकांना होतो. पण २०२५ च्या जुलैत त्या दोन देशांत लढाई झाली आणि त्याआधीच, जूनमध्ये, तेथील नाकी प्रवाशांना बंद झाली होती. सीमा ही नकाशावर कायमची दिसली तरी ती उघडी असेलच असे नाही, हा त्यातला धडा. म्हणून सीमा ओलांडण्याच्या दिवसाला लागून विमानाचे तिकीट कधीही काढू नये.

दिशा ठरवताना सोयीपेक्षा मोठे कारण इतिहासाचे आहे. हनोईतील साहित्य-मंदिर १०७० साली स्थापन झाले. राज्याच्या सर्वोच्च परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांची नावे कोरलेले ८२ शिलास्तंभ तेथे कासवांच्या पाठीवर उभे आहेत. परीक्षेला इतका मान देणारी संस्कृती पाहून आपण विद्यार्थी मंडळी थोडी दबकूनच बाहेर पडू! तेथून रात्रीच्या गाडीने ह्वे गाठायचे. १८०२ ते १९४५ या काळातील न्गुयेन राजांची ही राजधानी. हनोई ते सायगॉन हा १७२६ किलोमीटरांचा लोहमार्ग फ्रेंचांनी १९३६ मध्ये पुरा केला. १९५४ च्या फाळणीने तो तुटला आणि १९७६ च्या अखेरीस पुन्हा जोडला गेला. ह्वे ते दा नांग हा टप्पा मात्र दिवसाच करावा. हाय व्हान घाटात एका बाजूला डोंगर व दुसऱ्या बाजूला समुद्र असतो.

दा नांगच्या दक्षिणेला होई आन हे जुने व्यापारी बंदर आहे आणि तेथून जवळ मी सन. येथे सारे चित्र पालटते. मी सनची विटांची देवळे चाम लोकांची, बहुतांशी शिवाची. चौथ्या शतकाच्या सुमारास राजा भद्रवर्मनाने येथे भद्रेश्वराची स्थापना केली. १९६९ च्या अमेरिकन बॉम्बहल्ल्यात यातले सर्वांत भव्य देऊळ कोसळले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने अलीकडे येथे दुरुस्तीचे काम केले आणि २०२० मध्ये त्या कामात नवव्या शतकातील एकसंध शिवलिंग सापडले. चाम राज्याची राजधानी विजया व्हिएतनामी सैन्याने १४७१ मध्ये घेतली. म्हणजे आपण आज ज्याला व्हिएतनाम म्हणतो, त्याच्या पोटात एक दुसरा देश विरून गेला आहे. पुढे सायगॉन, म्हणजे आजचे हो ची मिन्ह शहर, हेही एकेकाळी ख्मेर लोकांचे 'प्रेई नोकोर' होते. यातला 'नोकोर' म्हणजे आपले 'नगर'. तेव्हा चीनकडे पाहणारे जग व भारताकडे पाहणारे जग यांची सीमा मॉक बायच्या नाक्यावर नाही. ती मी सनपासूनच सुरू होते आणि आपण ती कित्येक दिवस ओलांडत असतो. एवढे कळण्यासाठी तरी विमानापेक्षा रेल्वे व बस बरी.

हो ची मिन्ह शहराहून नोम पेन्ह बसने सुमारे सहा-सात तासांवर आहे. पैशांचा हिशेब येथे बदलतो. व्हिएतनामात एका डॉलरला २५,००० हून अधिक डाँग, तर कंबोडियात सुमारे ४,००० रिएल. कंबोडियात डॉलरही सर्रास चालतात, पण फाटकी नोट कोणी घेत नाही. आमच्यातला एक माळकरी आहे. त्याच्यासाठी 'चाय' हा व्हिएतनामी शब्द आम्ही वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला आहे. त्याचा अर्थ शाकाहारी जेवण. कंबोडियात आंबवलेल्या माशांचे 'प्रहोक' अनेक पदार्थांत असते. तेथे विचारूनच जेवावे.

भाषेच्या बाबतीत तर गंमतच आहे. व्हिएतनामी लिपी रोमन, आणि वार आकड्यांनी ओळखले जातात. सोमवार म्हणजे 'दुसरा'. सीमा ओलांडताच ख्मेर वार येतात : आतित, चान, अंगकिआ, पुत. म्हणजे आदित्य, चंद्र, अंगारक, बुध! जानेवारी 'मकरा', एप्रिल 'मेसा'. गुरूला 'क्रू', शाळेला 'साला'. हे वाचून आम्ही तिघे "हे तर आपलेच!" म्हणून हरखून गेलो होतो. चौथा मित्र मेळघाटातला. त्याच्या घरची भाषा कोरकू. भाषाशास्त्राचे पुस्तक चाळताना कळले की व्हिएतनामी, ख्मेर आणि कोरकू या तिन्ही एकाच ऑस्ट्रोआशियाई कुळातल्या आहेत. संस्कृत शब्द ख्मेर भाषेत पाहुणे म्हणून गेले. कोरकूचे नाते मात्र रक्ताचे आहे. ज्या भाषेला आमच्या वर्गात कोणी बोली म्हणूनही फारसे विचारले नव्हते, तिचे नातलग एका साम्राज्याचे शिल्पकार निघाले. तेव्हापासून "आपले" हा शब्द आम्ही जपून वापरतो.

नोम पेन्हमध्ये तुओल स्लेंग पाहावे की नाही, यावर आमचा बराच वाद झाला. ती एक शाळा होती. १७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूजने शहर घेतले, ते रिकामे केले आणि पुढे या शाळेचे तुरुंगात रूपांतर केले. चार वर्षांहून कमी काळात देशातील सुमारे पंधरा ते वीस लाख माणसे मेली. जानेवारी १९७९ मध्ये व्हिएतनामी सैन्याने ती राजवट उलथून टाकली व नंतर दहा वर्षे ते तेथेच राहिले. त्यामुळे याच सैन्याला कोणी मुक्तिदाता म्हणतो, कोणी आक्रमक. मेकाँगच्या मुखाचा प्रदेश गेल्याचे दुःखही ख्मेर मनात आहे. म्हणून एका देशाची स्तुती दुसऱ्यात करू नये आणि तुलनाही करू नये. तुओल स्लेंग पाहायचे, पण छायाचित्रे काढायची नाहीत आणि त्या दिवशी दुसरे काही ठेवायचे नाही, असे आम्ही ठरवले.

शेवटचे चार दिवस अंकोरला. तीन दिवसांचे तिकीट ६२ डॉलरचे. खर्चातली ही एक मोठी एकरकमी नोंद, पण ती कापायची नाही. बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्मनाने बांधलेल्या पश्चिमाभिमुख अंकोर वाटच्या भिंतीवर समुद्रमंथन आहेच. पण मला ओढ आहे ती सातव्या जयवर्मनाच्या बायोन मंदिरातील एका शिल्पपटाची. त्यात ख्मेर आणि चाम यांची जलयुद्धे कोरली आहेत. उलट्या फुलासारखी शिरस्त्राणे घातलेले ते चाम सैनिक म्हणजे मी सनच्या देवळांचे धनी. प्रवास उलट दिशेने केला असता, तर ते केवळ शत्रू म्हणून दिसले असते. मी सन आधी पाहिल्यामुळे ते ओळखीचे वाटतील.

मुक्काम असे : हनोई ३ दिवस, ह्वे २, होई आन ३, हो ची मिन्ह शहर २, नोम पेन्ह ३, अंकोर ४. प्रवास धरून वीस दिवस. वडिलांना मी एवढेच सांगितले की, हंपी मी पाहीनच. हंपीत आपल्या पूर्वजांचे वैभव दिसते. या वाटेवर दोन शेजाऱ्यांनी एकमेकांकडून काय घेतले, काय हिरावले आणि तरीही शेजारी कसे राहिले, ते दिसते. ते पाहिलेला माणूस हंपीही वेगळ्या डोळ्यांनी पाहील.