टर्की आणि कोंबडी एका आवारात का नकोत?

कोंबडी आणि टर्की हे एकाच कुळातले पक्षी. दोघांचे दाणापाणीही बरेचसे सारखे. मग लहान शेतकऱ्याने दोन्ही एकत्र पाळले तर काय बिघडले? पुष्कळ बिघडते. कोंबड्या बहुधा ठणठणीत राहतात आणि टर्कीची पिले मात्र एकामागून एक मरतात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्यात नेमके हेच घडत होते. आजारी टर्की पंख पाडून बसत. त्यांची विष्ठा गंधकासारखी पिवळी होई. काहींचे डोके काळसर पडे, म्हणून या रोगाला ‘ब्लॅकहेड’ म्हणू लागले. नाव तसे फसवेच, कारण डोके काळे पडतेच असे नाही. खरी खूण मेलेला पक्षी फाडल्यावर दिसते. यकृतावर बशीसारखे खोलगट, गोल डाग पडलेले असतात. १८९५ साली थिओबाल्ड स्मिथ यांनी अशा पक्ष्यांच्या आतड्यात व यकृतात एक एकपेशीय जीव दाखवून दिला. आज त्याला हिस्टोमोनास म्हणतात.

गंमत अशी, की हा जीव फार नाजूक आहे. विष्ठेबरोबर उघड्यावर पडला की काही तासांतच मरतो. मग तो मातीत टिकतो कसा? कोंबडीच्या आतड्यात हेटेराकिस नावाचा सेंटिमीटरभर लांबीचा पांढरा जंत असतो. हिस्टोमोनास त्याच्या अंड्यात शिरून बसतो! १९२० साली ग्रेबिल आणि स्मिथ यांनी ही अंडी टर्कींना चारून रोग उत्पन्न करून दाखवला. अंड्याचे कवच जाड असल्यामुळे ते मातीत वर्षानुवर्षे टिकते. गांडुळाने ते गिळले तर आतली अळी गांडुळाच्या शरीरात जिवंत राहते. पाऊस पडून गांडुळे वर आली, की टर्की ती आनंदाने टिपते.

आता सांगा, कोंबड्या गेल्या वर्षीच विकून टाकल्या, तर त्यांच्या आवारात टर्की सोडता येतील का? नाही. कोंबड्या गेल्या, अंडी तिथेच आहेत. म्हणून टर्कींना कोंबड्या कधीच न फिरलेली, कोरडी जागा द्यावी लागते. पिलांना जाळीच्या उंच तळावर ठेवले तर फारच उत्तम. औषधाचा भरवसा धरू नये. अमेरिकेत या रोगासाठी वापरले जाणारे नायटारसोन हे आर्सेनिकयुक्त औषध २०१५ च्या अखेरीस बाजारातून मागे घेण्यात आले. आणि कोंबड्यांच्या खुराड्यात वापरलेले फावडे व चिखलाचे बूट टर्कींकडे नेऊ नयेत. अंडी त्या चिखलातूनही येतात.