तिथी, मुहूर्त आणि वसईची भरती

वसईच्या पाचूबंदरात किंवा अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर एखाद्या जुन्या कोळ्याला विचारा, "आज भरती किती वाजता?" तो आधी तिथी आठवील आणि तिची पाऊणपट करून वेळ सांगेल. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा! पंचांगातील तिथीचा समुद्राशी काय संबंध?

तिथी हा खरे तर एक कोन आहे. अमावास्या संपते त्या क्षणी सूर्य व चंद्र आकाशात एकाच दिशेला असतात. नंतर चंद्र सूर्यापासून पूर्वेकडे सरकतो. दोघांतील अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी पुरी होते. ३६० अंशांच्या ३० तिथी होतात. त्यांना सुमारे साडेएकोणतीस दिवस लागतात. चंद्राची गती कमीजास्त होते, म्हणून तिथी कधी सुमारे २० तासांची, तर कधी जवळजवळ २७ तासांची असते. सूर्योदयाला चालू असलेली तिथी त्या दिवसाची मानतात. जी तिथी एकही सूर्योदय न पाहता संपते, तिचा क्षय झाला असे म्हणतात.

भरती मुख्यतः चंद्राच्या आकर्षणाने येते. अमावास्येला व पौर्णिमेला या किनाऱ्यावर ती दुपारी आणि रात्री बाराच्या सुमारास असते. पुढे चंद्र रोज उशिरा माथ्यावर येतो, तशी भरतीही लांबते. ३० तिथींत २४ तास, म्हणजे तिथीमागे सरासरी ४८ मिनिटे. आता गंमत पाहा. घटका २४ मिनिटांची आणि दोन घटकांचा एक मुहूर्त. म्हणजे भरती तिथीमागे एक मुहूर्त पुढे जाते!

मुहूर्त हे मुळात काळ मोजण्याचे माप आहे. त्यांतला शुभ कोणता, अशुभ कोणता, हा श्रद्धेचा भाग झाला. समुद्राला तो भेद ठाऊक नाही. खाडीतून होडी काढायची तर पाणी हवे. वेळ चुकली तर ती गाळात रुतते.

पाऊणपट म्हणजे तिथीमागे ४५ मिनिटे. तोंडी हिशेबाला हे सोपे, पण दर तिथीला ३ मिनिटे कमी पडतात. अष्टमीपर्यंत २४ मिनिटांचा फरक होतो.

करून पाहा : प्रतिपदेपासून १५ दिवस धक्क्यावर सुरक्षित जागी उभे राहून पूर्ण भरतीची वेळ वहीत टिपा. ती ४५ व ४८ मिनिटांच्या दोन्ही हिशेबांशी ताडा. सूर्याचे आकर्षण व किनाऱ्याची ठेवण यांमुळे थोडा फरक पडेलच. कोणता हिशेब अधिक जवळ येतो, ते तुमची वहीच सांगेल.