सीझनची गर्दी सांभाळायची कशी? क्योतोच्या एका मंदिराकडून पाच धडे



सीझनच्या धंद्यावरच्या व्हिडिओत मी जपानमधल्या एका मंदिराचा उल्लेख केला होता. व्हिडिओत सगळं सांगायला वेळ पुरत नाही, म्हणून तोच विषय इथे आकड्यांसकट मांडतेय. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

समजा, तुम्ही नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जपानच्या क्योतो शहरात आहात. मुख्य स्टेशनवरून लोकलने एकच स्टेशन पुढे जायचं, तिथून दहा मिनिटं चालायचं, की तोफुकु-जी हे झेन बौद्ध मंदिर येतं. त्याची स्थापना १२३६ सालची. आवारात एक छोटी घळ आहे आणि तिच्यात सुमारे दोन हजार मेपलची झाडं. जपानी भाषेत त्यांना मोमिजी म्हणतात. थंडी पडायला लागली की पानं हिरव्याची पिवळी, मग शेंदरी, मग लालभडक होतात. घळीवर त्सुतेन्क्यो नावाचा छप्पर असलेला लाकडी पूल आहे. त्यावर उभं राहिलं की खाली लाल समुद्र पसरल्यासारखा दिसतो.

हा देखावा खरा रंगात असतो तो जेमतेम दोन-तीन आठवडे. त्या दिवसांत पुलावर खांद्याला खांदा लागतो.

आता एक गोष्ट स्पष्ट करते. मंदिर हे श्रद्धेचं ठिकाण आहे, दुकान नव्हे. पण थोड्या दिवसांत प्रचंड गर्दी, मर्यादित जागा, मोजकी माणसं आणि वर्षभराचा देखभालीचा खर्च, हे प्रश्न त्यांनाही आहेत. राखी, कंदील, फराळ, शालेय वस्तू, रेनकोट विकणाऱ्यांनाही हेच प्रश्न पडतात. म्हणून तिथली व्यवस्था समजून घेऊ.

धडा १ : सगळे विकतात तेच विकायला धावू नका

क्योतोत वसंतात चेरीच्या फुलांसाठी गर्दी लोटते. मग तोफुकु-जीत चेरी का दिसत नाही? परंपरेने अशी गोष्ट सांगतात की, मिन्चो नावाच्या चित्रकार भिक्षूवर शोगुन म्हणजे तेव्हाचा लष्करी सत्ताधीश खूश झाला आणि म्हणाला, काय हवं ते माग. भिक्षू म्हणाला, आवारातली चेरीची झाडं तोडा, नाहीतर इथे साधना होणार नाही, नुसता फुलं बघण्याचा मेळा भरेल. झाडं गेली. आज तेच मंदिर मेपलसाठी ओळखलं जातं.

त्या भिक्षूच्या मनात धंदा नव्हता, हे उघड आहे. पण आपल्यासाठी मुद्दा असा: तुमच्या रस्त्यावर चार जण मोबाईल कव्हर विकत असतील, तर पाचवे होऊ नका. "अमुक वस्तू ना? मग त्यांच्याकडेच जा," असं गिऱ्हाईक कोणत्या एका वस्तूबद्दल म्हणेल, ती शोधा.

धडा २ : थोडं फुकट दिसू द्या

मुख्य पुलावर जायला तिकीट लागतं. पण त्याच ओढ्यावर गाउन्क्यो नावाचा दुसरा पूल आहे, तो तिकिटाच्या हद्दीबाहेर आहे. तिथून लाल झाडांच्या मधोमध मुख्य पूल दिसतो. फुकट! तो देखावा बघितल्यावर पुष्कळांचे पाय आपोआप तिकीट खिडकीकडे वळतात.

तुमची चिवड्याची चव, तुमच्या शिलाईचा नमुना, क्लासचा पहिला तास हा तुमचा बाहेरचा पूल आहे. तो दिसला पाहिजे. आणि आतला माल त्याहून सरस पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही.

धडा ३ : सीझनचा दर वेगळा ठेवा, पण लपवू नका

एरवी मुख्य पुलाचं तिकीट मोठ्यांना ६०० येन असतं, पानांच्या सीझनला १,००० येन. म्हणजे सरळ दोन तृतीयांश वाढ. तरी खिडकीवर भांडणं का होत नाहीत? कारण दर आणि तारखा आधीच जाहीर असतात आणि सगळ्यांना एकच दर असतो. शिवाय सीझनमध्ये मंदिर अर्धा तास लवकर, साडेआठला उघडतं.

आपल्याकडे काय होतं? गर्दी बघून तोंडी दर वाढवतात. सकाळी १५०, संध्याकाळी २००. रोजच्या गिऱ्हाइकाला हे कळलं की तो मनातून कायमचा उतरतो. सीझनला खर्च वाढतो, दर वाढवायला हरकत नाही. पण पाटी लावा आणि पाटीवरचा दर सगळ्यांना सारखा ठेवा.

धडा ४ : जास्त गर्दी म्हणजे जास्त फायदा, हे नेहमी खरं नसतं

हा धडा सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून तीन उदाहरणं देते.

पहिलं, तोफुकु-जीचंच. २०१६ मध्ये पानांच्या सीझनसाठी दोन्ही पुलांवर फोटो काढायला बंदी घातली गेली. विचार करा, आजच्या काळात फोटो म्हणजे फुकटची जाहिरात! तरी बंदी केली, कारण पुलावर लोक थांबतात, मागची रांग दाबते आणि अपघाताचा धोका वाढतो. जाहिरात सोडली, माणसं सांभाळली.

दुसरं, क्योतोतलंच एइकान-दो. सुमारे तीन हजार मेपल, तितकीच गर्दी. तिथे सीझनमध्ये दिवसाचं आणि रात्रीच्या रोषणाईचं तिकीट वेगळं असतं. मध्ये आवार रिकामं करतात, दिवसाच्या तिकिटावर रात्री थांबता येत नाही. जागा तीच, झाडं तीच, पण गर्दीचे दोन भाग झाले.

तिसरं, शेवाळाच्या बागेसाठी प्रसिद्ध असलेलं सैहो-जी. पर्यटकांच्या लोंढ्याने बाग आणि आजूबाजूची वस्ती दोन्ही त्रासली. १९७७ मध्ये मंदिराने सरसकट प्रवेशच बंद केला. आधी अर्ज, ठराविक संख्या आणि जास्त देणगी. लोक कमी झाले, पण नाव वाढलं आणि बाग वाचली.

आता स्वतःला विचारा. सीझनला तुमच्याकडे तीन माणसं आणि एक काउंटर असेल, तर तासाला किती गिऱ्हाइकं नीट सांभाळाल? त्यापुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाबरोबर चूक, चोरी, वाद आणि वाईट चर्चा दुकानात येते. ऑर्डर आधी घ्या, वेळ वाटून द्या, उचलायला वेगळा काउंटर ठेवा. "दोन तारखेनंतर फराळाची ऑर्डर घेणार नाही," असं म्हणायला धीर लागतो. पण घेऊन खराब माल देण्यापेक्षा ते बरं.

धडा ५ : पानं गळतात, माल गळत नाही

डिसेंबरच्या मध्यापर्यंत झाडं बोडकी होतात. मंदिराचं काही अडून राहत नाही, झाड पुढच्या वर्षी परत रंगतं. तुमचा उरलेला माल मात्र गोडाऊनमध्ये पैसे अडवून बसतो. साधा हिशोब बघा.

- कंदील खरेदी १२० रुपये, विक्री २०० रुपये, स्टॉल आणि मदतनीस मिळून ८,००० रुपये.
- ३०० आणले, ३०० विकले: २४,००० वजा ८,०००, हातात १६,००० रुपये.
- ४०० आणले, ३०० विकले: हातात फक्त ४,००० रुपये, आणि १२,००० रुपये कंदिलांत अडकले.

विक्री दोन्हीकडे तितकीच! फरक खरेदीत पडला. त्यात खरेदी व्याजाच्या पैशाने केली असेल, तर घरात सण राहत नाही, नुसती उधारी राहते. म्हणून पहिल्या खेपेला कमी उचला, दुसरी खेप मिळण्याची सोय आधी बोलून ठेवा.

दुसरी गोष्ट, बाकीच्या महिन्यांची सोय. तीच झाडं मे-जूनमध्ये हिरवीगार असतात, तेव्हा "हिरवा मोमिजी" बघायलाही लोक येतात. शिवाय मंदिरात दगड आणि शेवाळाच्या बागा आहेत, त्यांचं तिकीट वेगळं. त्या शिगेमोरी मिरेई यांनी १९३९ मध्ये केल्या. मंदिराची अट होती की जुनं सामान वाया घालवायचं नाही. म्हणून जुन्या फरशा शेवाळात बुद्धिबळाच्या पटासारख्या बसवल्या, आणि जुने गोल खांब सप्तर्षीच्या आकारात उभे केले. अडगळीचीच ओळख झाली! तुमच्या गोडाऊनमधल्या जुन्या मालाकडे आज या नजरेने बघा.

गृहपाठ

१. तुमच्या सीझनचे नेमके दिवस मोजून लिहा.
२. मागच्या सीझनला विकलेला आणि उरलेला माल, दोन्ही आकडे शेजारी लिहा.
३. तासाला जास्तीत जास्त किती गिऱ्हाइकं सांभाळता येतील, ते ठरवा.
४. सीझनचा दर आणि ऑर्डर बंद होण्याची तारीख पाटीवर लिहून काढा.
५. बाकीच्या महिन्यांत विकता येईल अशी एक वस्तू निवडा.

दुसरा आकडा लिहिताना हात अडखळला, तर तिथूनच कामाला लागा. पुढच्या व्हिडिओत पहिल्या खेपेचा माल किती उचलायचा, ते कागदावर मांडून बघू. वही भरून या!