पाय ब्रेकवर, नजर माणसावर

हे बघ, नवी गाडी घेतलीस याचा मला तुझ्याइतकाच आनंद आहे. आपल्या घरात स्वतःच्या कमाईवर गाडी घेणारी तू पहिली मुलगी. पण परवा फोनवर म्हणालीस ना, "ताई, हिच्यात अडास आहे, ब्रेकसुद्धा आपोआप लागतो, मला काही बघावंच लागत नाही," ते शेवटचं वाक्य काही डोक्यातून जाईना. दिवाळीला तू पुण्याहून कन्नडला गाडी घेऊन येणार, म्हणून आत्ताच बोलते.

अडास म्हणजे चालवणाऱ्याच्या मदतीला दिलेली यंत्रणा. तुझ्या गाडीच्या काचेमागे कॅमेरा आहे, पुढे रडार आहे. पुढच्या गाडीपासून अंतर राखणं, पांढऱ्या पट्ट्यांच्या आत राहणं, धडक होईलसं वाटलं तर ब्रेक लावणं, एवढी कामं ती करते. २०२१ मध्ये चाकणला बनणारी एक्सयूव्ही ७०० ही गाडी आली आणि ही सोय आपल्यासारख्यांच्या दारात पोचली. स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या मानतात, त्यातली ही क्रमांक दोनची. या पायरीवर सगळी जबाबदारी चालवणाऱ्याचीच असते. बिनड्रायव्हरच्या गाड्या भारतात येऊ देणार नाही, ड्रायव्हरांच्या नोकऱ्या जातील, असं रस्ते वाहतूक मंत्री गडकरींनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरला सांगितलं होतं. तरी स्टिअरिंग सोडून मांडी घालून बसलेल्यांचे रील्स तूही पाहिलेसच. घरची वाट ओळखणाऱ्या बैलाच्या भरवशावर गाडीवान डुलकी काढतो, पण समोरून येणारा ट्रक बैलाला कळत नाही. तसंच आहे हे.

आता आपला रस्ता आठव. संभाजीनगर सोडलं की दौलताबाद, वेरूळ, गल्ले बोरगाव, हतनूर, मग कन्नड. दुभाजकाच्या फटीत एखादी बाई उभी असते, डोक्यावर हिरव्या चाऱ्याचा भारा. भाऱ्यामुळे तिला मान वळवता येत नाही. ती फक्त तळहात पुढे करते आणि चालू लागते. आपण वेग कमी करतो, ती पलीकडे जाते. हा सगळा व्यवहार नजरेचा आणि हाताचा. माहितीपुस्तिका वाचलीस का? नसशील तर आज वाच. मोठं ओझं घेतलेला, छत्री धरलेला, वाकलेला, सायकल ढकलत चाललेला माणूस आणि लहान मूल यंत्रणेला ओळखता येईलच असं नाही, असं बऱ्याच कंपन्यांनी त्यात स्वच्छ छापलेलं असतं. आपल्या रस्त्यावर तर हीच माणसं जास्त!

अमेरिकेत ॲरिझोनातल्या टेंपे गावी १८ मार्च २०१८ च्या रात्री हेच झालं. एक बाई सायकल ढकलत रस्ता ओलांडत होती, झेब्रा पट्ट्यांपासून दूर. उबरच्या चाचणीच्या स्वयंचलित गाडीला ती धडकेच्या साधारण साडेपाच सेकंद आधी दिसली होती. पण यंत्रणा तिला कधी वाहन समजली, कधी सायकल, कधी आणखी काही. पट्ट्यांशिवाय कुणी रस्ता ओलांडेल हे यंत्रणेला शिकवलंच नव्हतं. आत बसलेली चालक मोबाइलकडे बघत होती. ती बाई गेली. आपल्याकडे पट्ट्यांवरून ओलांडणारा शोधावा लागतो, म्हणून ही गोष्ट माझ्या मनाला फार लागते.

पायी चालणाऱ्या माणसाला गाडीचं मन कसं कळावं, याचाही शोध चाललाय. २०१७ मध्ये फोर्ड कंपनीने आणि व्हर्जिनिया टेकच्या वाहतूक संस्थेने चालकाला सीटच्या आकाराचा पोशाख घालून गाडीत लपवलं. गाडी रिकामी दिसायची, काचेवर दिव्यांची पट्टी. दोन पांढरे दिवे इकडून तिकडे सरकले की गाडी थांबतेय असा अर्थ. चांगली कल्पना आहे. पण आपल्याकडे आधी डिप्परचाच अर्थ सांभाळायला हवा. आपल्याकडे डिप्पर मारला की समोरचा समजतो, "थांब, मी येतोय." तू "जा" म्हणून डिप्पर मारशील आणि म्हातारा माणूस रस्त्याच्या मधोमध घोटाळेल. त्याला वाट द्यायची असेल तर आधी गाडी पुरती थांबव, मग हात दाखव. काचेवर गडद फिल्म लावू नकोस. तुझा चेहरा त्याला दिसला पाहिजे.

आणखी दोन-चार गोष्टी मनात ठेव. खड्डा किंवा बैलगाडी चुकवताना इंडिकेटर दे. नाहीतर पट्टी ओलांडतेस असं समजून स्टिअरिंग तुला मागे ओढतं आणि तू दचकतेस. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोड सुरू होते. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्री मागच्या दिव्यांशिवाय चालतात, नाहीतर कडेला उभे असतात. वेगात असताना थांबलेलं वाहन रडारच्या लक्षात येईलच असं नाही, त्यामुळे अंधारात आपोआप वेग आणि अंतर राखणारं क्रूझ बंदच ठेव. चाळीसगावला जायचं झालं तर औट्रम घाटातही बंद. पावसाळ्यात तिथे धुकं उतरतं, पट्ट्या दिसेनाशा होतात, आणि जे तुला दिसत नाही ते कॅमेऱ्यालाही दिसत नाही. गावात शिरताना, पिशोर नाक्याच्या गर्दीत तर नकोच. गाडीने एकदम ब्रेक मारला तर मागे चिकटून आलेल्या दुचाकीवरच्या तिघांना कुणी सावरायचं? म्हणून आरसा बघायची सवय सोडू नकोस.

आणि आईला, शेजारच्या पोरांना उगाच सांगत सुटू नकोस की ही गाडी आपोआप थांबते. पोरं खरं आहे का ते बघायला समोर उडी मारतील, हा धोका खरा आहे. त्यांना उलट हे शिकव: गाडी कितीही नवी असो, चाक थांबलेलं दिसल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, आणि आत बसलेल्याची नजर आपल्या नजरेला मिळाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

यंत्र वाईट आहे असं मी म्हणत नाही. तुझा डोळा लागला, लक्ष उडालं, तर तो ब्रेक तुझा आणि समोरच्याचा जीव वाचवेल. म्हणून तो चालूच ठेव. फक्त त्याच्यावर टाकून मोकळी होऊ नकोस. भारा घेतलेल्या त्या बाईला तुझ्या गाडीत काय बसवलंय ते ठाऊक नसतं. तिने हात केला की समोरचा माणूस थांबतो, एवढंच तिला माहीत आहे. तिचा तो विश्वास खरा ठरवायचं काम गाडीचं नाही गं, तुझं आहे.