नाशिकचे द्राक्षमळे व आपला बोंडू

मोटार बाळगणाऱ्या बागाईतदारानें नाशिककडील वाइनचे द्राक्षमळे एकदां सावकाश पाहून यावे. मालवणाहून कणकवली, फोंडाघाट, कोल्हापूर, पुणें व संगमनेर या वाटेनें अंतर सुमारें ६०० किलोमीटर भरतें. पुण्यास मुक्काम करावा. माघ महिना उत्तम, कारण तोडणी जानेवारीपासून मार्चपर्यंत चालते.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारें २,००० फूट उंच आहे. हिंवाळ्यांत दिवसाच्या उन्हानें फळांत साखर भरते व रात्रींच्या गारठ्यानें आंबटपणा टिकतो. वाइनला दोन्ही हवींत. युरोपांतील द्राक्षवेल हिंवाळ्यांत पानें टाकून निजते. येथें ती निजत नाहीं, म्हणून तिची दोनदां छाटणी करितात. एप्रिलच्या सुमाराची खरड छाटणी काड्या तयार करण्यासाठीं, व पावसाळा सरतांनाची छाटणी घडांसाठीं. पीक मात्र एकच घेतात.

कारखान्यांत पांढऱ्या वाइनसाठीं आधीं रस पिळून मग आंबवितात. तांबडीसाठीं सालींसह आंबवितात, कारण रंग सालींत असतो. चवीकरितां दिलेला घोट थुंकण्यास भांडें मागावें. मोटार हांकणाऱ्यानें तर घोट न घेणेंच बरें. घाटांतील वळणें कोणाची भीड धरीत नाहींत.

आमच्या मतें तेथें सर्वांत अधिक चौकशी कराराची करावी. शिराज, शेनिन ब्लां इत्यादि जातींचीं फळें बारीक व बियांचीं. खाण्याच्या बाजारांत त्यांस गिऱ्हाईक नाहीं. २००१ सालच्या सरकारी धोरणानंतर कारखाने वाढले व लागवडही वाढली. पुढें २००८ नंतर मागणी मंदावली, कित्येक कारखान्यांनीं माल उचलला नाहीं, आणि शेतकऱ्यांनीं उभ्या बागा उपटल्या. वेल चांगली होती, हवाही तीच होती.

हें सांगण्याचें कारण आपला काजू. बीपेक्षां कितीतरी पट वजनाचा बोंडू आपण झाडाखालीं कुजूं देतों. शेजारच्या गोव्यांत त्याचीच फेणी होते, व तिला २००९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. फेणी भट्टींत गाळावी लागते. वाइन केवळ आंबविलेला रस होय. परवान्याविना दोन्ही गुन्हाच. बोंडवांतील तुरट द्रव्यानें घसा खवखवतो, तें रसांतून काढावें लागतें; शिवाय गळालेलें फळ एका दिवसांतच आंबूं लागतें. तेव्हां कोणी रसाचा कारखाना काढण्यास भागभांडवल मागूं लागल्यास प्रथम विचारावें कीं, ऐन हंगामांत रोजचा बोंडू गांवांतून कोण उचलणार, कोणत्या दरानें, आणि न उचलल्यास भरपाई कोण देणार. उत्तर लेखी घ्यावें, व त्याची एक प्रत आपल्या दप्तरीं ठेवावी.