लीळास्मरण आणि मनाची समृद्धी

शास्त्र वाचून इष्ट वस्तूचे चित्र मनात दृढ धरावे, म्हणजे ती वस्तू प्राप्त होते, असा अर्थ हल्ली अनेक धर्मग्रंथांना लावण्यात येतो. लीळास्मरणानेही असे काही साधते काय, अशी पृच्छा आपल्या वासनिक मंडळींतून होते. प्रश्न प्रामाणिक आहे. ज्याच्या शेतात पीक नाही, त्याच्या डोळ्यांपुढे पीकच येणार. परंतु इच्छिलेली फळे देणे हा देवतांचा व्यवहार आहे, आणि ती फळे नाशवंत आहेत, हा आपल्या शास्त्राचा सिद्धांत आहे. त्या फळांसाठी स्मरण करणे म्हणजे नाव परमेश्वराचे घेऊन उभे राहावे देवतेच्या दारी, असे होते.

मग स्मरणात कल्पनेला स्थानच नाही काय? आहे, आणि पुष्कळ आहे. नाम, लीळा, मूर्ती, चेष्टा यांचे स्मरण मनःचक्षूंपुढे काही उभे राहिल्यावाचून कसे व्हावे?

ससा रक्षणाची लीळा घ्या. पारध्यांच्या कुत्र्यांनी पाठलाग केलेला ससा सर्वज्ञांच्या जानूखाली येऊन दडला, आणि स्वामींनी त्याला पारध्यांच्या हाती दिले नाही. ही लीळा वाचताना साधकाने दुरून पाहणारा न राहता सशाच्या ठिकाणी स्वतःस ठेवावे. कुत्री कोणती, हे ज्याचे त्याने ओळखावे. त्या सशाला तेथे चारा मिळाला नाही, बीळ मिळाले नाही. तरी त्या क्षणी त्याला कशाची उणीव होती? मनाची समृद्धी म्हणतात ती हीच. तीत नवी वस्तू हाती येत नाही, हाव तेवढी गळून पडते.

मात्र या कल्पनेला कुंपण आहे. म्हाइंभटांनी स्थळोस्थळी हिंडून, ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांना विचारून आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घेऊन लीळा जमविल्या. इ. स. १२७८ च्या सुमारास सिद्ध झालेला हा ग्रंथ पुढे परचक्रात गहाळ झाला व मागील मंडळींनी आठवणीतून पुन्हा उभा केला, असे परंपरा सांगते. आठवणींत भेद पडला, तेथे त्यांनी दोन्ही पाठ ठेवले. गोड वाटेल तो निवडला नाही. व्याख्यानात रंग भरण्यासाठी पदरचे प्रसंग जोडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आता, ग्रंथात नसलेला तपशील मन आपोआप पुरविते. वृक्षाची सावली, वस्त्राचा रंग असे काही दिसू लागते. त्यात दोष नाही. ते आपल्यापुरते असावे, दुसऱ्यास लीळा म्हणून सांगू नये. विजनास बसताना एकच लीळा घ्यावी. तिचे स्थान स्थानपोथीत असेल तर दार कोणत्या दिशेस, आसन कोठे, हे आधी पाहून घ्यावे. मगच डोळे मिटावेत.