घोड्यासाठी जाळीची झूल : निवड आणि निगा

अलिबाग-रेवदंडा रस्त्यावरील नागावात नारळ-सुपारीच्या वाड्यांच्या जोडीला किनाऱ्यावरील घोडे व घोडागाडी यांवरही काही कुटुंबांचा संसार चालतो. घोडा आठ दिवस आजारी पडला की तेवढे दिवस मिळकत बंद. पावसाळ्यात व त्यानंतर माशांचा त्रास वाढतो. अशा वेळी जाळीची झूल उपयोगी पडते.

घोडमाशीचा चावा वेदना देणारा असतो. घोडा कातडी थरथरवतो, शेपटी मारतो आणि अर्धवट रक्त प्यालेली माशी उठून शेजारच्या घोड्यावर बसते. तिच्या सोंडेवरील ताज्या रक्तातूनच सर्रा रोगाचे जंतू पसरतात. ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्ये तत्कालीन पंजाबात हे जंतू शोधून काढले. थांबून थांबून येणारा ताप, खंगत जाणे, पायांवर व पोटाखाली सूज दिसल्यास घोडा लगेच वेगळा बांधावा व पशुवैद्यकाकडून रक्त तपासून घ्यावे. उपचाराअभावी घोडा दगावू शकतो. झुलीने चावे कमी होतात, झालेला रोग बरा होत नाही.

झूल फिकट रंगाची घ्यावी; गडद रंगाकडे घोडमाश्या अधिक ओढल्या जातात. २०१९ मध्ये जपानमध्ये काळ्या गाईंवर झेब्र्यासारखे पांढरे पट्टे रंगवले, तेव्हा माशा बसण्याचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले! पहाटे व तिन्हीसांजेला चिलटे त्रास देत असतील तर जाळी बारीक हवी. माप छातीच्या मध्यापासून कुशीवरून मांडीच्या मागच्या कडेपर्यंत घ्यावे. मानेच्या बुडाशी व खांद्यावर आतून मऊ सुती अस्तर असावे, कारण झूल घासते ती तेथेच. पोटपट्ट्याखाली आडवा तळहात सहज जावा. शेडनेटचा उरलेला तुकडा मात्र पाठीवर टाकू नये, त्याच्या खरखरीत कडा कातडी सोलतात.

झूल विश्रांतीच्या वेळीच घालावी. खोगीर किंवा साजाखाली नको. आधी अंगावरची वाळू व घाम साफ करावा. दिवसातून एकदा तरी झूल काढून कातडी पाहावी. पावसात भिजलेली झूल तशीच ठेवल्यास दमट हवेत कातडीचे विकार होतात, म्हणून बदलीची दुसरी झूल असणे बरे. खारे पाणी व घाम निघण्यासाठी गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवावी. उन्हाने धागा लवकर कुजतो. फाटलेली जाळी त्याच दिवशी शिवावी, त्यात पाय अडकतो.

पाय मात्र उघडेच राहतात, आणि तबेल्यातील चावणारी माशी नेमकी पायांवर बसते. ती शेण-मुतात भिजलेल्या गवतात वाढते. ते रोज काढून खड्ड्यात कुजवावे व मगच नारळाच्या आळ्यात घालावे.

कीटकनाशक लावलेली झूल असल्यास तिचे धुण्याचे पाणी विहिरीजवळ किंवा तळ्यात ओतू नये. परमेथ्रिन हे औषध माशांच्या जोडीने तळ्यातील माशांनाही, म्हणजे मासळीलाही, मारक आहे.